नक्कल वेगळी, रडी वेगळी

२००५-०६ साली सांगलीत विश्रामबागेतल्या एका सायबर कॅफेत आम्ही काउंटर-स्ट्राइक हा दोन गटांत खेळायचा गोळीबाराचा गेम खेळायचो. दहा संगणक, तासाला वीस रुपये. रात्री नऊनंतर शटर अर्धं खाली आलं की आमचा सामना सुरू व्हायचा. त्या दहाही संगणकांवर एकाच सीडीवरून गेम चढवलेला होता आणि ती सीडी कुणीतरी कोल्हापूरहून चाळीस रुपयांना आणली होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यात लपवण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. एका रात्री ‘डस्ट टू’ या नकाशावर खेळताना आमच्यातला एक जण भिंतीपलीकडचा माणूस दिसत असल्यासारखा नेमक्या कोपऱ्यावर नेम धरून बसायला लागला. कॅफेवाले काका उठून त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. त्यानं वॉलहॅक, म्हणजे भिंतीपलीकडचं दाखवणारं चोरटं सॉफ्टवेअर, टाकला होता. काकांनी त्याला उठवलं, उरलेल्या वेळाचे दहा रुपये हातावर ठेवले आणि म्हणाले, “उद्यापासून येऊ नकोस.” तो तीन महिने आला नाही. परत आला तेव्हाही कुणी त्याला आपल्या बाजूला घेईना.

गेल्या दिवाळीत भाच्यामुळे मला ही गोष्ट पुन्हा आठवली. तो पुण्यात नववीत शिकतो. बीजीएमआय हा मोबाइलवरचा गोळीबाराचा गेम खेळताना त्यानं ईएसपी लावलं होतं. म्हणजे गवतात लपलेले, भिंतीआड बसलेले खेळाडू पडद्यावर चौकटीत दिसतात, ते सॉफ्टवेअर. आयडी बॅन झाली. बहीण चिडली, मीही दोन शब्द सुनावले. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, “मामा, तू पण क्रॅकच खेळायचास ना? तूही नियम मोडलास, मीही मोडला.” क्रॅक म्हणजे कुलूप तोडलेली बेकायदा प्रत. त्या वेळी मला धड उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून ते वाक्य डोक्यात आहे.

त्याचं म्हणणं उडवून लावण्याजोगं नाही. कायद्याच्या पुस्तकात पाहिलं तर माझाच गुन्हा मोठा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ६३ब आहे. संगणक प्रणालीची बेकायदा प्रत माहीत असून वापरली तर किमान सात दिवस आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, शिवाय पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड, असं ते सांगतं. ईएसपी लावून खेळणाऱ्या पोरासाठी असं थेट कलम आपल्याकडे नाही. तरीही त्या कॅफेतल्या वीस-पंचवीस पोरांच्या मनात न्याय नेमका उलटा होता, आणि मला आजही वाटतं की त्यांचं बरोबर होतं.

नक्कल आणि रडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नक्कल केली की जो काही हिशेब होतो तो बनवणाऱ्याशी होतो. रडी होते ती सोबत खेळणाऱ्याशी. ज्यानं मराठी गल्लीत लहानपण काढलं त्याला हे वेगळं समजावावं लागत नाही. “रडीचा डाव खडी” हे आपण वाचायला शिकण्याआधी म्हणायला शिकलो. लपंडावात बोटांच्या फटीतून बघणारा, आउट झाल्यावर बॅट न सोडणारा, राज्य आलं की घरी पळणारा, हे सगळे रड्ये. त्यांची शिक्षा ठरलेली होती: उद्या खेळायला घेणार नाही. त्याच गल्लीत नियम मोडायचीही सोय होती. धाकटा भाऊ मागे लागला की तो ‘कच्चा लिंबू’. तो पळाला तरी चालेल, आउट झाला तरी त्याच्यावर राज्य नाही. कुणाची चप्पल तुटली, आईनं हाक मारली, की ‘टाइम प्लीज’. एक टप्पा आउट धरायचा का, जोशीकाकूंच्या अंगणात चेंडू गेला तर किती धावा, हे रोज संध्याकाळी नव्यानं ठरायचं. नियम लवचीक होते कारण ते खेळणाऱ्यांचे होते. सगळ्यांसमोर वाकवला तर तो नियमच राहायचा, चोरून मोडला की रडी.

ऑनलाइन गेममध्ये ही रचनाच उलटी झाली. तिथं नियम लिहिते कंपनी. ते एका लांबलचक करारात असतात आणि ‘मान्य आहे’वर बोट ठेवल्याशिवाय गेम उघडत नाही. त्या करारात गेमची नक्कल करू नका, आमच्या सर्व्हरशिवाय खेळू नका, आयडी विकू नका, आमच्या चित्रांवरून काही बनवू नका, बॉट (आपल्याऐवजी आपोआप खेळणारं सॉफ्टवेअर) चालवू नका, हॅक लावू नका, हे सगळं एका माळेत ओवलेलं असतं. मालकाचा धंदा सांभाळणारी कलमं आणि खेळाडूंमधला न्याय सांभाळणारी कलमं यांत तिथं काही फरक नाही. सगळ्याला एकच शब्द: उल्लंघन. भाच्यानं माझ्यापुढे मांडलेलं गणित त्याचं स्वतःचं नव्हतं. करारानंच ते त्याला शिकवलं होतं.

हे एकत्र कोंबणं कायद्याच्या दारातही गेलंय आणि तिथं न्यायाधीशांना दोन्ही गोष्टी पुन्हा वेगळ्या करत बसावं लागलंय. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या अनेकांनी एकत्र खेळायच्या ऑनलाइन गेमसाठी ग्लायडर नावाचा बॉट विकला जायचा. तो लावून झोपलं तरी तुमचं पात्र रात्रभर राक्षस मारत, सोनं गोळा करत बसायचं. गेम बनवणाऱ्या ब्लिझर्ड कंपनीनं म्हटलं, आमचा करार मोडणारा आमचा कॉपीराइटही मोडतो. अमेरिकेतल्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं २०१० मध्ये निकाल दिला की बॉट चालवणं हा कराराचा भंग आहे, पण तेवढ्यानं कॉपीराइटचा भंग होत नाही. गेमवर पहारा देणाऱ्या प्रणालीला बगल दिल्याबद्दल मात्र ग्लायडरला दोषी धरलं गेलं. युरोपात सोनीनं डेटेल या कंपनीला कोर्टात खेचलं होतं. सोनीच्या पीएसपी या हातातल्या गेमयंत्रावरच्या मोटरस्टॉर्म या शर्यतीच्या गेममध्ये टर्बो, म्हणजे जादा वेग, कधीच संपणार नाही, अशी सोय डेटेलचं सॉफ्टवेअर करून द्यायचं. युरोपीय संघाच्या न्यायालयानं ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं की चालू गेमच्या स्मृतीतले आकडे बदलले म्हणून मूळ प्रणालीच्या कॉपीराइटला धक्का लागत नाही, कारण तिच्या कोडची त्यात नक्कलच होत नाही. जपानच्या सर्वोच्च न्यायालयानं मात्र २००१ मध्ये ‘तोकिमेकी मेमोरियल’ या गेमबाबत वेगळी वाट धरली. तयार गुण भरून दिलेलं मेमरी कार्ड विकणं म्हणजे कथेत ढवळाढवळ आणि लेखकाच्या हक्कावर आघात, असं त्यांचं म्हणणं. तो गेम एकट्यानं खेळायचा होता. समोर हरणारं कुणीच नव्हतं.

या तीन निकालांत मला युरोपचा जवळचा वाटतो. एकट्यानं खेळताना मी टर्बो अमर्याद केला तर कुणाचा डाव बिघडला? पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचण्यासारखं ते आहे. तोच टर्बो मी दहा जणांच्या शर्यतीत वापरला तर प्रश्न पार बदलतो. पण तो बदलतो त्या दहा जणांमुळे, सोनीच्या कोडमुळे नव्हे. कॉपीराइटनं रडी पकडायला जाणं म्हणजे घरफाळ्याच्या पावतीवरून भांडणाचा निवाडा करण्यासारखं आहे.

आता ‘संस्कृती’बद्दल. गेमच्या जगात हा शब्द सतत कानावर पडतो आणि बहुतेक वेळा तो दुसऱ्या देशाला शिवी म्हणून वापरलेला असतो. २०१७-१८ मध्ये पबजी हा गोळीबाराचा ऑनलाइन गेम संगणकावर जोरात होता. जानेवारी २०१८ मध्ये एकाच वेळी बत्तीस लाखांहून जास्त लोक तो खेळत होते. त्याच महिन्यात बॅटलआय या पहारा देणाऱ्या कंपनीनं दहा लाखांवर खाती बंद केल्याचं सांगितलं. फसवणारे बहुतांश चीनमधले आहेत, असंही तिनं आधी म्हटलं होतं. लगेच जगभरातून एकच मागणी, चिनी खेळाडूंना वेगळ्या सर्व्हरवर कोंडा. त्यांच्या संस्कृतीत फसवणुकीला लाज नाही, असं लोक बिनदिक्कत लिहायचे. आशियाई सर्व्हरवर खेळताना आम्ही भारतीयांनीही आपल्याबद्दल अगदी हेच ऐकलंय, माईकवर, तोंडावर.

मला हे आळशी वाटतं, आणि अन्यायाचंही. ज्या चीनबद्दल हे बोललं जात होतं, तिथंच टेन्सेंट या बड्या गेम कंपनीनं पोलिसांबरोबर त्या काळात किमान तीस प्रकरणं उघडकीला आणली आणि हॅक बनवल्याच्या संशयावरून १२० जणांना अटक झाली. ज्या देशातून सर्वाधिक लोक खेळतात तिथून सर्वाधिक रड्येही निघणार, हा पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा हॅकच्या बाजाराचा: ते बनवणारा, विकणारा, दर महिन्याला नवी आवृत्ती देणारा असा पूर्ण धंदा आहे, आणि धंदा गिऱ्हाईक असेल तिथं जातो. तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पकडलं गेल्यावर काय गमवावं लागतं? नवी आयडी फुकटात, दोन मिनिटांत मिळत असेल तर लाज वाटायला जागाच उरत नाही. विश्रामबागेतल्या त्या मुलाला दुसरा चेहरा घेऊन कॅफेत येता आलं नसतं.

दक्षिण कोरियाकडे बघा. तिथं १९९८ मध्ये स्टारक्राफ्ट हा गेम आला, गल्लोगल्ली पीसी बांग, म्हणजे गेम खेळायचे सायबर कॅफे, उघडले, आणि काही वर्षांत सामने टीव्हीवर दिसू लागले. गेम सार्वजनिक खेळ झाला, त्याला प्रेक्षक मिळाले, त्यावर पोट असलेले खेळाडू तयार झाले. मग २०१० मध्ये काही नामांकित खेळाडू सामने विकताना सापडले तेव्हा देशभर खळबळ उडाली आणि त्यांच्यावर आजन्म बंदी आली. २०१६ मध्ये कोरियानं कायदा दुरुस्त केला: हॅक बनवून पसरवणाऱ्याला कैद किंवा दंड. पुढं पैसे घेऊन दुसऱ्याची रँक चढवून देण्याचा धंदाही गुन्हा ठरला आणि ते कलम २०१९ मध्ये लागू झालं. कोरियन माणूस जन्मानं जास्त प्रामाणिक असतो असं कुणी म्हणत नाही. तिथं खेळाला किंमत आली, खातं खऱ्या ओळखीशी जोडलं गेलं, बघणारे डोळे आले, आणि मग रडीची लाज आली. आधी परिस्थिती बदलली, मागाहून संस्कृती.

नक्कलेच्या बाबतीतही हेच दिसतं, त्यासाठी पोलंडचं उदाहरण पुरेसं आहे. तिथं आधुनिक कॉपीराइट कायदा १९९४ मध्ये आला. त्याआधी वॉर्साच्या आठवडी बाजारात नकली गेम उघड विकले जायचे, आणि पुढं ‘विचर’ हा गाजलेला गेम बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्टच्या संस्थापकांचे सुरुवातीचे दिवस त्याच बाजारातले. १९९९ मध्ये त्यांनी ‘बॉल्डर्स गेट’ हा परदेशी गेम पोलिश भाषेत आणला. खोक्यात नकाशा, गाण्यांची सीडी, ओळखीच्या पोलिश नटांचे आवाज. लोकांनी नकली सीडी बाजूला ठेवून तो विकत घेतला. चोरी वाईट असं प्रवचन कुणी दिलं नव्हतं. बाजारात मिळत होतं त्याहून चांगलं, परवडणाऱ्या दरात, आपल्या भाषेत काहीतरी पुढं ठेवलं होतं. आपल्याकडे स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानानं २०१५ च्या नोव्हेंबरात रुपयांत किमती लावल्या. माझ्या ओळखीतले कितीतरी जण, मी धरून, त्यानंतरच आयुष्यात पहिल्यांदा गेम विकत घेऊ लागले. त्याआधी परदेशी चलनात, क्रेडिट कार्डाशिवाय गेम घ्यायचा कसा, हेच आमच्यातल्या बहुतेकांना माहीत नव्हतं. नव्वदीत घरोघरी आलेला ‘टीव्ही गेम’ बहुतेक ठिकाणी निन्टेंडोच्या फॅमिकॉम या गेमयंत्राची नक्कलच होती. असली यंत्र कुठल्या दुकानात मिळतं, हे सांगणारं सांगलीत कुणी नव्हतं.

पण परिस्थितीवर सगळं ढकलून मोकळं होणं मलाही पटत नाही. नक्कल निरागस आहे असं मी म्हणत नाही. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा चमूनं २०२० मध्ये ‘राजी’ काढला. त्यातली रंगसंगती, मंदिरं, हवेल्या बघितल्या तेव्हा वाटलं, हे आपल्या माणसांनी केलंय, आणि हा क्रॅक करून खेळणं म्हणजे शेजाऱ्याच्या परसातली भाजी उपटून नेणं. दूरच्या कंपनीचा चेहरा दिसत नव्हता म्हणून तेव्हा टोचणी लागली नाही, एवढंच. आज परवडत असताना क्रॅक उतरवणाऱ्याला मी समजू शकतो, त्याची बाजू घेऊ शकत नाही.

आपल्या परंपरेत नक्कलेचा आणि नावाचा हा फरक फार जुना आहे. तुकोबांचे अभंग लोक वह्यांत उतरवून घेत होते, पाठ करत होते, वाटेल त्या गावात गात होते. कुणी परवानगी मागितली नाही, कुणी मागावी अशी अपेक्षाही नव्हती. पण सालोमालो नावाच्या माणसाची गोष्ट वारकऱ्यांत अजून सांगतात. तो तुकोबांचीच रचना गायचा आणि ‘तुका म्हणे’च्या जागी स्वतःचं नाव घालायचा. साडेतीनशे वर्षांहून जास्त काळ त्याचं नाव टिकलंय, ते याच एका गोष्टीसाठी. ज्यांनी अभंग उतरवून घेतले त्यांची नावं कुणी दोष म्हणून आठवत नाही. उलट, त्यांच्या वह्यांमुळे गाथा वाचली. ‘भारतीयांना बौद्धिक संपत्तीची जाणच नाही’ असं परदेशी अहवालांत वाचलं की मला सालोमालो आठवतो. जाण आहे, पण आपली रेघ वेगळ्या जागी ओढलेली आहे. अभंगाच्या प्रती विकून तुकोबांचं घर चालत नव्हतं आणि गेम बनवणाऱ्यांचं घर मात्र प्रतींवरच चालतं, म्हणून ती जुनी रेघ आज जशीच्या तशी चालणार नाही. तरी ती कुठून आली हे समजल्याशिवाय नवी ओढता येणार नाही.

आपल्या न्यायालयांनाही ही रेघ नवी नाही. कोलकात्याच्या दोन अगरवाला भावांनी फेसबुकवर ‘स्क्रॅब्युलस’ हा ‘स्क्रॅबल’सारखा शब्दांचा खेळ चालवला होता. रोज पाच लाखांवर लोक तो खेळायचे. ‘स्क्रॅबल’चे हक्क असलेल्या कंपन्यांनी, अमेरिकेत हॅस्ब्रोनं आणि इथं मॅटेलनं, दावे लावले. दिल्ली उच्च न्यायालयानं २००८ च्या सप्टेंबरात निकाल दिला: ते नाव वापरू नका, कारण ‘स्क्रॅबल’शी घोटाळा होतो. पण पाटावरच्या चौकटींवर आणि खेळाच्या नियमांवर कॉपीराइटची मक्तेदारी सांगता येणार नाही. भावांनी नाव बदललं, ‘लेक्झ्युलस’ केलं, खेळ चालू राहिला. सालोमालोचा न्याय यापेक्षा फार वेगळा नव्हता: खेळ खेळा, नावात लबाडी करू नका.

कंपन्यांच्या वागण्याबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, कारण नियमाबद्दलचा आदर दोन्ही बाजूंनी लागतो. ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा गेम युबीसॉफ्टनं २०१४ मध्ये पूर्ण किमतीला विकला. एकट्यानं खेळायचा तरी तो सर्व्हरशी जोडावा लागायचा. ३१ मार्च २०२४ ला कंपनीनं सर्व्हर बंद केले आणि पैसे मोजून घेतलेला गेम लोकांच्या हातात निकामी झाला. पाठोपाठ खात्यांमधून परवानेही काढून घेतले. करारात तसं लिहिलेलं होतं. त्यातूनच ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि युरोपीय नागरिकांच्या अधिकृत मागणीपत्रावर २०२५ मध्ये दहा लाखांचा टप्पा ओलांडून सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात २०२५ च्या जानेवारीपासून दुकानदाराला ‘तुम्ही वस्तू नव्हे, परवाना घेत आहात’ हे स्पष्ट सांगावं लागतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या नजरेनं बघा. त्यानं वाढदिवसाच्या पैशांतून घेतलेली गोष्ट मालक हवं तेव्हा परत घेऊ शकतो आणि ती फसवणूक ठरत नाही. मग त्यानं लावलेला हॅक फसवणूक का ठरतो, हे त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं?

नक्कल कधीकधी जपणूकही करते. नॉस्टाल्रियस नावाचा सर्व्हर काही फ्रेंच हौशी लोकांनी चालवला होता. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ जसा सुरुवातीला होता तसा, विस्तार चढण्याआधीचा, तिथं फुकट खेळता यायचा. ब्लिझर्ड ती आवृत्ती कुठंच विकत नव्हती. कायद्याच्या दृष्टीनं हा उघड कॉपीराइटभंग होता. दीड लाख लोक तिथं नियमित खेळत होते. एप्रिल २०१६ मध्ये कंपनीच्या नोटिशीनंतर तो बंद झाला, दोन लाखांवर लोकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ब्लिझर्डनं स्वतःच तीच जुनी आवृत्ती ‘क्लासिक’ म्हणून बाजारात आणली. मला यात सगळ्यात बोलकं वाटतं ते हे की नॉस्टाल्रियसवर बॉट चालवणाऱ्याला तिथले लोक हाकलायचे. कंपनीचा कायदा मोडून उभ्या केलेल्या जागेत खेळाचा कायदा पाळला जात होता. आमच्या कॅफेसारखाच.

आपल्याकडे याची वेगळी छटा २०२० मध्ये दिसली. २ सप्टेंबरला सरकारनं इतर शेकडाभर ॲपबरोबर पबजी मोबाइलवर बंदी घातली. पुढचे दहा महिने, जुलै २०२१ मध्ये त्याची भारतापुरती आवृत्ती बीजीएमआय येईपर्यंत, कितीतरी पोरं व्हीपीएन (आपण कुठून जोडलोय ते लपवणारं सॉफ्टवेअर) लावून कोरियाची आवृत्ती खेळत होती. जुलै २०२२ मध्ये बीजीएमआयही गेला आणि पुढच्या मे महिन्यात परत आला. या तीन वर्षांत आपल्या मुलांनी काय शिकलं असेल? नियम कुठूनतरी वरून येतो, कारण कळत नाही, काही महिन्यांनी तो उठतो, आणि मधल्या काळात पळवाट माहीत असणाराच हुशार. नियमाचा खेळाशी काही संबंध असतो, हे त्यांना या सगळ्यात कुठं दिसलं नाही.

आणि याची किंमत शेवटी खेळालाच मोजावी लागली. ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघायला काउंटर-स्ट्राइकची आशियाई स्पर्धा होती. भारतीय संघातला एक खेळाडू मंचावर, सगळ्यांसमोर, नेम धरून देणारा हॅक चालवताना सापडला. फाइलला त्यानं साध्या लेखनाच्या सॉफ्टवेअरचं नाव दिलं होतं. पंच संगणक तपासायला आले तेव्हा तो घाईघाईनं ती बंद करायला बघत होता, हे चित्रीकरणात दिसतं. संघ बाद झाला, पुढं मालकांनी तो संघच मोडला, आणि त्याच्यावर पाच वर्षांची बंदी आली. उरलेल्या चार जणांनी काहीच केलं नव्हतं. वर्षानुवर्षं घरच्यांशी भांडून, रात्री जागून ते तिथवर पोहोचले होते. रडीचा बळी कोण, असं कुणी विचारलं तर मी त्या चौघांकडे बोट दाखवीन. आमच्या चाळीस रुपयांच्या सीडीमुळे असा बळी कधी गेला नव्हता.

म्हणून मला वाटतं, आपण दोन वेगळी भांडणं लढायला हवीत आणि ती एकमेकांत मिसळू द्यायची नाहीत. पहिलं कंपन्यांशी. नक्कल कमी हवी असेल तर किंमत इथल्या खिशाला झेपणारी ठेवा, भाषा इथली ठेवा, मराठीतही ठेवा. विकलेली वस्तू सर्व्हर बंद झाल्यावरही चालेल अशी सोय करा. बॅन केलंत तर का केलं ते कळणाऱ्या शब्दांत सांगा आणि दाद मागायला एक माणूस ठेवा. पहाऱ्याचं यंत्र चुकून निर्दोष पोराची आयडी उडवतं तेव्हा त्याला ठरावीक साच्यातल्या उत्तरापलीकडे काही मिळत नाही, आणि मग ‘बॅन म्हणजे कंपनीची मनमानी’ हा समज पक्का होतो. हॅक विकणाऱ्यांवर कोरियासारखं वेगळं कलम आपल्या कायद्यात आलं तर मी त्याचं स्वागत करीन. पण ते विकणाऱ्यापुरतं असावं, नववीतल्या मुलाला पोलीस ठाण्यात नेणारं नसावं.

दुसरं भांडण आपल्या घरातलं. माझ्या पिढीतले बाप आणि मामा मुलांना सांगतात, ‘हॅक लावू नकोस, बॅन होशील.’ हे चुकीचं कारण आहे. यातून मूल इतकंच शिकतं की पकडला जाणार नाही असा हॅक शोधायचा. त्याला विचारायला हवं की समोर जो हरला तो कोण होता? नांदेडचा एखादा मुलगा असेल, मोठ्या भावाचा फोन अर्धा तास मिळाला म्हणून खेळायला बसलेला. त्याचा तो अर्धा तास तू घेतलास. कंपनीचं यात काहीच गेलं नाही. भाच्याला मी हेच सांगितलं, दोन महिने उशिरा. “तू ज्याला मारलंस त्याला काय सांगशील?” असं विचारल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “तो कोण होता तेच माहीत नाही.” मला वाटतं, सगळी अडचण या वाक्यात आहे. गल्लीत रड्याला समोरच्याचा चेहरा बघावा लागायचा.

यंदा त्याच्या सोसायटीच्या गणेश मंडळानं बीजीएमआयची स्पर्धा घेतली. सगळे जण क्लबहाउसमध्ये एकाच सतरंजीवर बसून खेळणार होते. नियम मुलांनीच कागदावर लिहिले: टॅबवाल्यांचा गट वेगळा, ट्रिगर (फोनला लावायची गोळीबाराची बटणं) लावायचे नाहीत, पाचवीपर्यंतचे कच्चा लिंबू, भांडण झालं तर दहावीतली ताई सांगेल ते अंतिम. हॅक सापडला तर शिक्षा किती लिहायची, हे विचारायला भाच्यानं फोन केला. मी त्याला विश्रामबागेतल्या त्या मुलाबद्दल सांगितलं. त्यांनी ‘पुढच्या गणपतीपर्यंत बाहेर’ असं लिहिलं, आणि खाली दुसऱ्या अक्षरात कुणीतरी भर घातली होती, ‘सगळ्यांसमोर सांगून टाकलं तर दिवाळीपर्यंत.’